चालत्या बर्फाचा नकाशा

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



भूगोल हा पाठांतराचा विषय आहे, असा आपल्याकडे एक पक्का समज आहे. देश, राजधानी, नदी, पीक, खनिज. पाठ करावे, लिहावे आणि विसरून जावे. पालक मला भेटतात तेव्हा गणिताची चौकशी करतात, इंग्रजीची करतात; भूगोलाची चौकशी करणारा पालक मला अद्याप भेटायचा आहे. म्हणून आज मी मुद्दाम असा विषय निवडला आहे की ज्यात पाठ करण्यासारखे फारच थोडे आहे, कारण ज्याचा नकाशा काढायचा तीच वस्तू जागेवर राहात नाही. दक्षिण ध्रुवाकडील अंटार्क्टिका खंडाच्या किनाऱ्याला लागून समुद्रावर तरंगणारी जी बर्फाची अवाढव्य पठारे आहेत, ज्यांना आइस शेल्फ म्हणतात, त्यांची मोजणी माणसाने कशी केली, तो हा इतिहास आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ. अंटार्क्टिकाच्या जमिनीवर हजारो वर्षे पडलेले हिम साचून, दाबले जाऊन त्याचा बर्फ झाला आहे. हा बर्फ स्वतःच्या वजनाने हळूहळू समुद्राकडे सरकतो. किनाऱ्याशी आल्यावर तो लगेच तुटत नाही, तर पाण्यावर पुढे पुढे पसरत जातो. घराला जशी पडवी काढलेली असते, तशी ही खंडाला जोडलेली बर्फाची पडवी होय. फरक इतकाच की हिच्याखाली जोते नाही, शेकडो मीटर खोल समुद्र आहे. यांपैकी सर्वांत मोठ्या रॉस आइस शेल्फचे क्षेत्रफळ सुमारे पावणेपाच लाख चौरस किलोमीटर आहे. आपला महाराष्ट्र तीन लाख सात हजारांच्या आसपास. म्हणजे अख्खा महाराष्ट्र त्या पडवीत ठेवला तर वर त्याच्या निम्म्याहून अधिक जागा शिल्लक राहील.

हे प्रथम पाहिले ते जेम्स क्लार्क रॉस या इंग्रज नौदल अधिकाऱ्याने, जानेवारी १८४१ मध्ये. रॉस बर्फ शोधायला निघाला नव्हता. उत्तरेकडचा चुंबकीय ध्रुव त्याने १८३१ सालीच गाठला होता. आता त्याला दक्षिणेचा हवा होता. 'एरेबस' आणि 'टेरर' ही दोन शिडाची जहाजे घेऊन तो दक्षिणेकडे जात असता समोर एक पांढरी भिंत उभी राहिली. दीडशे-दोनशे फूट उंच, वरून सपाट आणि डावी-उजवी नजर पोहोचेल तिथवर अखंड. जहाजाला पुढे जाण्यास वाट नाही. त्याने तिला 'बॅरिअर' म्हणजे अडसर म्हटले. दुसरा एखादा कप्तान कपाळाला हात लावून परतला असता. रॉसने तसे केले नाही. तो भिंतीच्या कडेकडेने शेकडो मैल जहाज हाकत गेला आणि जाताना भिंत कोठे आहे ते नोंदवीत गेला. पुढच्या वर्षी तो पुन्हा आला आणि राहिलेल्या भागाची नोंद केली.

त्या काळची रीत विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावी. सेक्स्टंट या यंत्राने सूर्याची उंची मोजून अक्षांश काढायचा, क्रोनोमीटर नावाच्या अचूक घड्याळावरून रेखांश काढायचा, होकायंत्राने दिशा घ्यायची आणि शिशाचे वजन बांधलेली दोरी सोडून समुद्राची खोली पाहायची. आता गंमत अशी की चुंबकीय ध्रुवाच्या जवळ होकायंत्राची सुई नीट दिशा दाखवीतच नाही. ढग असले तर सूर्य नाही. शिडे बर्फाने कडक झालेली. अशा स्थितीत या माणसांनी भिंतीची रेषा कागदावर उतरविली. ती रेषा काय कामाची, असे त्या वेळी कोणी विचारले असते तर रॉसलाही फारसे सांगता आले नसते. तेथे ना बंदर, ना व्यापार, ना वस्ती.

तिचे मोल कळायला सुमारे साठ वर्षे जावी लागली. १९०० सालच्या फेब्रुवारीत कार्स्टेन बोर्चग्रेविंक हा नॉर्वेत वाढलेला संशोधक त्याच भिंतीशी पोहोचला. रॉसच्या नकाशाप्रमाणे जेथे बर्फ असावयास हवा तेथे त्याला मोकळे पाणी मिळाले. कडा सुमारे तीस मैल दक्षिणेला हटलेली होती. तो, विल्यम कोलबेक आणि सामी जमातीचा पेर साविओ असे तिघे बर्फावर चढले व थोडे आत जाऊन आले. दोन वर्षांनी, १९०२ मध्ये, कॅप्टन स्कॉटनेही तेच पाहिले. स्कॉटने तर ४ फेब्रुवारी १९०२ रोजी दोरखंडाने बांधलेला वायूचा फुगा सोडून त्यात बसून वरून पाहणी केली. त्याच्या मागोमाग शॅकलटन कॅमेरा घेऊन वर गेला. अंटार्क्टिकाचे हे आकाशातून झालेले पहिले दर्शन.

येथे मी जरा थांबतो, कारण माझ्या मते सगळ्या इतिहासाची मेख येथे आहे. रॉसचा नकाशा चुकीचा ठरला, असे वरवर पाहणारा म्हणेल. वस्तुस्थिती उलट आहे. रॉसने इमानाने मोजले होते, तारीख घातली होती, म्हणूनच साठ वर्षांनी बर्फ हलला हे कळू शकले. त्याने अंदाजाने रेषा मारली असती तर नंतरच्यांना एवढेच वाटले असते की आधीच्याला मोजता येत नव्हते. नकाशा म्हणजे एक साक्ष आहे. अमुक दिवशी अमुक ठिकाणी मी हे पाहिले, एवढेच ती सांगते. आणि साक्षीदार खरा असेल तर ती साक्ष शंभर वर्षांनीही कामास येते.

स्कॉटच्या माणसांनी तर याहून साधी युक्ती केली. बर्फावर अन्नाचा साठा ठेवताना त्यांनी ती जागा दूरच्या डोंगरखुणांच्या ओळीत धरून ठेवली होती. साडेतेरा महिन्यांनी पाहतात तो साठा ओळीत नाही. मोजले तेव्हा तो ६०८ यार्ड सरकलेला निघाला. साठा कोठला सरकणार! खालचा बर्फच त्याला घेऊन चालला होता, दिवसाला सव्वा मीटरहून थोडा जास्त. यास कसलेही भारी यंत्र लागले नाही. एक खूण, दोन डोंगर आणि तारीख लिहिलेली वही.

बर्फ चालतो हे कळल्यावर त्यावर घर बांधावे की नाही, हा प्रश्न आला. शॅकलटन १९०८ मध्ये पुन्हा तेथे गेला, तर स्कॉटचा फुगा जेथून उडाला ती बर्फातील खाडी नाहीशी होऊन तेथे एक मोठा उपसागर झालेला. त्याला त्याने व्हेल माशांचा उपसागर म्हटले आणि येथे मुक्काम नको म्हणून तो निघून गेला. १९११ साली आमुंडसेनने मात्र त्याच ठिकाणी तळ टाकला आणि तेथून दक्षिण ध्रुव गाठला. दोघांपैकी शहाणा कोण, हे मी मुलांना विचारतो तेव्हा वर्गात दोन तट पडतात. मी स्वतः शॅकलटनच्या बाजूचा आहे. आमुंडसेनचे साधले हे खरे, पण साधले म्हणून हिशेब बरोबर होता असे होत नाही. जर्मन संशोधक विल्हेल्म फिल्श्नरचे उदाहरण घ्या. खंडाच्या दुसऱ्या बाजूला, वेडेल समुद्राच्या तळाशी, त्याने १९१२ मध्ये एक नवी आइस शेल्फ शोधली आणि बर्फावर घर उभारायला घेतले. फेब्रुवारीत उधाणाची भरती आली, बर्फाचा तो भाग तुटला आणि घरासकट समुद्रात निघाला. माणसे वाचली, बरेचसे सामानही वाचले. त्याने त्या बर्फाला कैसरचे नाव दिले होते. कैसरने ते शोधणाऱ्याचे असावे असे सांगितले, म्हणून आज नकाशात फिल्श्नर हे नाव आहे.

अमेरिकेच्या रिचर्ड बर्डने १९२९ मध्ये व्हेल माशांच्या उपसागराशी 'लिटल अमेरिका' नावाचा तळ केला. पुढे त्याच भागात एकामागून एक तळ झाले. त्यांपैकी एका जुन्या तळाचे अवशेष १९६३ साली समुद्रात तरंगणाऱ्या हिमनगाच्या कड्यातून बाहेर डोकावताना दिसले. आणि १९८७ मध्ये सुमारे दीडशे किलोमीटर लांबीचा एक हिमनग तुटून गेला, तेव्हा तो उपसागरच नकाशावरून गेला. ज्या ठिकाणाहून ध्रुवावर स्वारी झाली, ते ठिकाण आज पृथ्वीवर नाही.

विमाने आल्यावर काम सोपे झाले असेल, असे आपल्याला वाटेल. काही अंशी झाले. पण १९४६-४७ च्या मोठ्या अमेरिकन मोहिमेची हकीगत ऐकण्यासारखी आहे. तीत विमानांतून सुमारे सत्तर हजार छायाचित्रे घेतली. परत आल्यावर लक्षात आले की बहुतेक छायाचित्रांत जमिनीवरील एकही अशी खूण नाही की जिचे अक्षांश-रेखांश मोजलेले आहेत. पांढऱ्यावर पांढरे. मग पुढच्या वर्षी दुसरी मोहीम काढून अशा खुणांची मोजणी करावी लागली. वर्गात जी मुले 'सर, उत्तर बरोबर आहे, रीत कशाला?' असे म्हणतात, त्यांच्यासाठी ही हकीगत मी राखून ठेवली आहे.

आतापर्यंत कडा मोजली गेली होती, जाडी नव्हे. बर्फ किती जाड आणि खाली पाणी किती, हे कसे कळावे? नॉर्वे, ब्रिटन आणि स्वीडन यांच्या १९४९ ते ५२ च्या संयुक्त मोहिमेत बर्फात लहान स्फोट करून त्याचा प्रतिध्वनी तळावरून परत यायला किती वेळ लागतो ते मोजले. विहिरीत हाक मारून खोली अजमावावी, तसाच प्रकार. या ज्ञानाची किंमतही द्यावी लागली. त्यांचा तळ आइस शेल्फवरच होता. फेब्रुवारी १९५१ मध्ये धुक्यात त्यांची एक गाडी बर्फाच्या कडेवरून समुद्रात गेली. चारांपैकी तिघे बुडाले. त्यांतील लेस्ली क्वार याचे नाव आज त्या आइस शेल्फला आहे. आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात, म्हणजे १९५७-५८ मध्ये, आल्बर्ट क्रॅरी आणि त्याच्या साथीदारांनी याच पद्धतीने रॉस आइस शेल्फवर मोठा फेरा करून जागोजाग जाडी मोजली.

पुढची पायरी एका बिघाडातून आली, निदान बिघाड वाटला त्यातून. विमानाची उंची दाखविणारी रेडिओ यंत्रे बर्फावरून जाताना भलतीच जास्त उंची दाखवू लागली. वैमानिकाच्या दृष्टीने हे प्राणघातक होते. पण कारण शोधता असे दिसले की काही रेडिओ लहरी बर्फातून आरपार जातात आणि खालच्या तळावर आपटून परत येतात. म्हणजे यंत्र चुकत नव्हते. ते वेगळीच वस्तू मोजत होते! १९६० नंतर केंब्रिजच्या स्कॉट पोलर संस्थेत यासाठी खास यंत्र तयार झाले आणि १९६७ ते १९७९ या काळात अमेरिकन विमाने व डॅनिश तंत्रज्ञ यांच्या मदतीने खंडाचा फार मोठा भाग उडता उडता मोजून काढण्यात आला. स्फोटाने दिवसाला एक-दोन ठिकाणे मोजणाऱ्यांना हे जादूसारखेच वाटले असेल.

तरीही प्रत्यक्ष पाहण्याची हौस माणसाला असतेच. डिसेंबर १९७७ मध्ये रॉस आइस शेल्फवर ज्वाळेच्या झोताने ४२० मीटर बर्फ भेदून भोक पाडले. खाली सुमारे २३७ मीटर पाणी निघाले. उघडा समुद्र तेथून चारशेहून अधिक किलोमीटर दूर. सूर्याचा किरण कधी न पोहोचलेला काळोख. कॅमेरा सोडला तर तेथे मासे आणि कोळंबीच्या जातीचे जीव फिरत होते. नकाशात जेथे केवळ पांढरा रंग होता, तेथे वस्ती निघाली. सुबहानल्लाह, एवढेच तोंडातून निघते.

उपग्रहांचे युग आपल्याला माहीत आहे, म्हणून सर्व सांगत बसत नाही. एकच गोष्ट सांगतो, कारण ती खाडीकाठच्या मुलांना चटकन कळते. बर्फ जमिनीवर कोठपर्यंत टेकलेला आहे आणि कोठून तरंगायला लागतो, ती रेषा बाहेरून दिसत नाही. आपल्या धक्क्यावरून होडीवर टाकलेली फळी आठवा. तिचे एक टोक धक्क्यावर स्थिर असते, दुसरे भरती-ओहोटीबरोबर वरखाली होते. आइस शेल्फही भरतीबरोबर वर येते आणि ओहोटीला खाली जाते. १९९१ साली सोडलेल्या युरोपीय उपग्रहाच्या रडारने भरती-ओहोटीच्या वेगवेगळ्या वेळी टिपलेली चित्रे एकमेकांशी ताडून पाहिली, तेव्हा कोठला भाग हलतो आणि कोठला हलत नाही हे दिसून ती रेषा सापडली. आकाशातून शेकडो किलोमीटर वरून भरती मोजून बर्फाचे जोते शोधायचे!

या रेषेला एवढे महत्त्व का? येथे पडवीची उपमा उलटी करावी लागते. आपल्याकडे पडवी कोसळली तरी घर उभे राहते, कारण पडवीच घराच्या आधाराला असते. तेथे मात्र पडवीने मागच्या बर्फाला टेकू दिलेला आहे. १८९३ मध्ये कार्ल अँटन लार्सन हा नॉर्वेचा कप्तान अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पूर्वेकडील ज्या बर्फाच्या कडेने गेला, त्या शेल्फांना त्याचे नाव आहे. त्यांपैकी एक, लार्सन ए, जानेवारी १९९५ मध्ये फुटली. दुसरी, लार्सन बी, २००२ च्या आरंभी सुमारे पस्तीस दिवसांत भुगा झाली. ३२५० चौरस किलोमीटर बर्फ, म्हणजे मुंबई शहर व उपनगरे मिळून जेवढी होतात त्याच्या पाचपटीहून अधिक. तरंगणारा बर्फ वितळला म्हणून समुद्राची पातळी फारशी वाढत नाही. सरबताच्या पेल्यातला बर्फ विरघळला तर पेला उतू जात नाही, हे घरी करून पाहा. परंतु टेकू गेल्यावर मागच्या हिमनद्या पूर्वीच्या कित्येक पट वेगाने समुद्रात येऊ लागल्या. तो बर्फ जमिनीवरचा आहे. तो पेल्यात नव्याने पडणारा खडा आहे. समुद्र सगळा एकच आहे, हे किनाऱ्यावर घरे, मशिदी आणि कबरस्ताने असलेल्या माणसांना वेगळे सांगायला नको.

आता एक नाजूक गोष्ट. आपल्यात काही लोक अभिमानाने सांगतात की अंटार्क्टिकाचा बर्फाखालचा किनारा तुर्की नौसेनानी पीरी रईस याने १५१३ सालीच नकाशात दाखविला होता. पीरी रईसचा नकाशा खरा आहे, १९२९ साली तो इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात सापडला, आणि त्या काळच्या मानाने तो अप्रतिम आहे. परंतु त्याच्या खालच्या भागातील किनारा हा दक्षिण अमेरिकेचाच, कातड्याच्या तुकड्यावर बसवताना वळवलेला असावा, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. अंटार्क्टिकाची गोष्ट एका अमेरिकन लेखकाच्या १९६६ च्या पुस्तकाने पसरविली. पीरी रईसने आपल्या नकाशावर कोणकोणत्या जुन्या नकाशांवरून माहिती घेतली ते स्वतः लिहून ठेवले आहे, कोलंबसचासुद्धा उल्लेख केला आहे. माहिती कोठून घेतली हे सांगणारा तो माणूस. न पाहिलेले त्याच्या पदरात बांधणे हा त्याचा सन्मान नव्हे.

आणि अभिमानच धरावयाचा तर खरा आहे तो धरू. भारताची अंटार्क्टिकाची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे पोहोचली. एकवीस जणांच्या त्या तुकडीचे नेते होते डॉ. सय्यद जहूर कासिम. अलाहाबादचे, अलीगढला शिकलेले, समुद्रातील जीवांचे शास्त्रज्ञ, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे माजी संचालक, पुढे जामिया मिलियाचे कुलगुरू. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत प्रथमच दोन भारतीय स्त्रिया गेल्या: कलकत्त्याच्या भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि नागपुरात जन्मलेल्या, पुणे विद्यापीठात शिकलेल्या अदिती पंत. मुलींना शास्त्र शाखेला घालू की नको म्हणून जे पालक अद्याप विचार करीत आहेत, त्यांनी हे साल पुन्हा एकदा वाचावे.

त्याच तिसऱ्या मोहिमेने 'दक्षिण गंगोत्री' हे आपले पहिले केंद्र बांधले, आणि ते बांधले आइस शेल्फवर. व्हायचे तेच झाले. दरवर्षी पडणाऱ्या हिमाखाली ते हळूहळू गाडले गेले आणि १९९० मध्ये मुक्काम हलवावा लागला. त्याआधीच १९८९ मध्ये 'मैत्री' हे दुसरे केंद्र शिर्माखर भागातील उघड्या खडकावर उभे राहिले, आणि २०१२ मध्ये 'भारती', तेही खडकावर. या सर्व कामाची सूत्रे आज वास्कोच्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून हलतात, आणि तेथे भूगोल, भूशास्त्र, भौतिकशास्त्र, यंत्रविद्या, सर्वेक्षण अशा सर्व विद्यांची माणसे लागतात. वास्को काही विलायतेत नाही. येथून रात्री बसलेला माणूस सकाळी तेथे उतरतो.

शाळेच्या भूगोल कक्षात जगाचा एक जुना भिंतीवरचा नकाशा आहे. त्यात लार्सन बी अजून आहे. तो काढून टाकावा अशी सूचना आली होती. मी तो ठेवून घेतला आहे आणि शेजारी दहावीच्या मुलांनी उपग्रहचित्रांवरून काढलेला अलीकडचा नकाशा लावला आहे. दोन्हींच्या कोपऱ्यात साल लिहिलेले आहे. सभा संपल्यावर कक्ष उघडा राहील. पालकांनी मुलांना घेऊन अवश्य यावे.